तिसरा पंख

सार्जंट,

तुझ्या पुण्यानुमोदनाला त्यांनी माझ्या हातात माईक दिला. "मिस्त्रींनी दोन शब्द बोलावेत," म्हणाले. मी उठलो. समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, हार घातलेला तुझा युनिफॉर्ममधला फोटो. आणि मी काय बोललो ठाऊक आहे? "सार्जंट चांगला माणूस होता." एवढंच. आणि मी खाली बसलो. जन्मभर मोठ्या तोंडानं बोलत आलो. उद्यमनगरात माझी शिवी तीन शेड पलीकडं ऐकू जाते, असं तूच म्हणायचास. त्या दिवशी मात्र वाचा बसली.

माझ्या आधी तुझ्या गावाकडचे एक पाहुणे बोलले होते. "चंदगडच्या मातीतनं आभाळात झेप घेणारा आपला पायलट," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फोटोकडं बघितलं. तू शेजारी असतास तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस आणि म्हणाला असतास, "बघ मिस्त्री, मेल्यावर प्रमोशन मिळालं." पायलट नव्हता तो, एअरफ्रेम फिटर होता, विमानाचं अंग जोडणारा-दुरुस्त करणारा, हे सांगायचं काम माझं होतं. तेही मी केलं नाही.

तुला जाऊन दीड महिना झाला. तेव्हा राहिलेलं आता लिहितोय. दोन शब्दांत ते मावणारं नव्हतंच. खरं सांगायचं तर सगळा घोटाळा एकाच शब्दानं केलाय. 'तुम्ही' या शब्दानं. तिथपर्यंत येतो. जरा दम धर, तुला आता कुठं जायची घाई हाय?

सात वर्षांपूर्वी तू माझ्या शेडच्या दारात येऊन उभा राहिलास. ताठ पाठ, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, विमा विकायला आलाय. "मिस्त्री, लाकडाचं एक काम हाय," म्हणालास. मी पॅटर्न मेकर. फाउंड्रीत बीड, म्हणजे वितळलेलं लोखंड, ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात. असले नमुने करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. पंपाची बॉडी म्हण, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स म्हण. पण तोवर माझ्याच पोरानं शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं मशीन बसवलं होतं आणि माझ्याकडं कोण फिरकत नव्हतं. म्हटलं, "कसलं काम?"

"मिग," तू म्हणालास. "लढाऊ विमान. खऱ्याच्या एकदशांश मापाचं."

मी हसलो. "नातवंडास्नी खेळायला व्हय?"

"न्हाय. दाखवायला."

मग तू बाकावर बसलास आणि ती गोष्ट सांगितलीस. भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीला तू गावी गेलतास. पारावर बसलेल्या एकानं विचारलं, "काय रं, विमानात झाडू मारतोस न्हवं?" आणि त्याच दिवशी तुमच्या वस्तीत तुझी आई घरोघर सांगत फिरत होती, पोरगं विमान चालवतंय. "निम्मं गाव मला झाडूवाला समजतंय, निम्मं गाव पायलट," तू म्हणालास. "मधलं कुणालाच ठाऊक न्हाय, मिस्त्री. आणि माझी सगळी नोकरी त्या मधल्यातच झाली." ते मधलं तुला दाखवायचं होतं. तुमच्या गावच्या समाजमंदिरात ते विमान ठेवायचं, त्याचं एकेक पॅनेल उघडलं पाहिजे, आतले पाइप दिसले पाहिजेत, चाक आत-बाहेर झालं पाहिजे. "लोकांनी बोट घालून बघू दे की," म्हणालास, "मी कुठं हात घालत होतो ते."

मी राधानगरीकडच्या शेतकरी घरातला. आम्हाला पारावर असलं कुणी विचारत नाही. त्या दिवशी हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लाकूड सागवान घ्यावं का शिवण, एवढाच विचार करत होतो मी.

मापं आणायला आपण एसटीनं गेलो, आठवतंय? दुसऱ्या गावात चौथऱ्यावर उभं केलेलं एक निवृत्त मिग होतं. रणरणत्या उन्हात आपण दोघं म्हातारे टेप लावून बसलेलो. राखणदार पळत आला. "ओ पावणं, काय चाललंय?" तू वळूनसुद्धा न बघता म्हणालास, "ह्याची तब्येत बघायला आलोय. लई दिवस गाठ न्हाय." त्यानं तुझ्याकडं बघितलं, विमानाकडं बघितलं, आणि गेला तो स्टूल घेऊनच आला. मी टेप धरायचो, तू वहीत लिहायचास. एका जागी, पोटाखाली, तू पंजा टेकवून बराच वेळ उभा राहिलास. मी म्हटलं, "भाजंल की हात, पत्रा तापलाय." तू म्हणालास, "सवय हाय." येताना एसटीत सांगितलंस की अर्धी नोकरी तुझी या पोटाखाली उताणं पडून गेली, अख्खं विमान वरनं कसं दिसतं ते तू नीट बघितलेलंच नाही. पुढं अंग तासून झालं, बाकावर ठेवलं, तेव्हा तू स्टुलावर चढून खाली बघत राहिलास. "वरनं असं दिसतंय व्हय," म्हणालास. मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

पहिलं वर्षभर आपण अहो-जाहो करत होतो. मग एकदा पटाशी घसरून तुझ्या अंगठ्यात घुसली आणि मी बोंबललो, "अरं मर्दा, धार आपल्याकडं करून कुणी मारतंय व्हय!" रक्ताचा अंगठा धरून तू हसायला लागलास. "आत्ता मिस्त्री खरं बोलला," म्हणालास. "आता ह्याच्या मागं जायचं न्हाय." तिथनं आपण अरे-तुरेवर आलो ते आलोच. मागं गेलो नाही. एकदा सोडून.

तुझ्याकडनं मी काय शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू फुगला असतास. छापखान्यातल्या जुन्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा आणून तू त्यांची कातडी विमानाला चढवलीस. शिंप्याची दातेरी चाकी घेऊन त्या पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळी उठवल्यास, एकेक ओळ धरून, जीभ दातात घेऊन. पॅनेलच्या बिजागऱ्यांना तार बसेना तर हुपरीला चांदीवाल्यांकडं जाऊन पैंजणाची तार घेऊन आलास. वहिनी म्हणाल्या होत्या, "मला कधी पैंजण आणलं न्हाईत, आणि विमानाला आणलं." तू म्हणालास, "तुला कुठं उडायचंय?" त्या दिवशी चहा मिळाला नाही आपल्याला.

आणि तुझी ती हत्यारं मोजायची खोड! संध्याकाळी काम थांबलं की माझ्या पटाशा, कानशी, रंधे सगळं बाकावर मांडून मोजायचास. विमानाच्या पोटात एक पाना राहिला तर माणूस मरतो, म्हणून तुमच्यात मोजल्याशिवाय कोण घरी जात नाही. एकदा एक बारकी कानस सापडेना, तर तू शेडचं दार लावून उभा राहिलास. "एक हत्यार कमी हाय. कुणी जायचं न्हाय." अरे, होतो तरी कोण? आपण दोघं! शेवटी ती माझ्याच कानाच्या मागं निघाली.

तशीच तुझी वही. विमानातल्या बिघाडाला तुम्ही स्नॅग म्हणता. तू आपल्या विमानाचीपण स्नॅगची वही केलीस, रेघा मारून. स्नॅग काय, कारण काय, दुरुस्ती काय, केलं कुणी, तपासलं कुणी. ज्यानं केलं त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्यानंच सही करायची. एक नोंद मला पाठ आहे. "नाकाला भेग. कारण: मिस्त्रीनं शिंकता शिंकता रंधा मारला." मी भांडलो, ते वाक्य खोडून टाक म्हणून. तू ऐकलं नाहीस. "कारणाचा रकाना मोकळा सोडायचा न्हाय," म्हणालास. "कारण न लिहिलेला स्नॅग परत येतोय." आणि सगळ्याच्या वर तुझं ते ड्रॉइंग, स्वतःच्या हातानं काढलेलं. त्याच्या बाहेर एक स्क्रूसुद्धा तुला चालत नव्हता.

एकदा तू माझ्या पेटीतल्या दोन स्टीलच्या पट्ट्या हातात घेऊन विचारलंस, "ह्या दोन कशाला?" मी सांगितलं. बीड गार होताना आकसतं, मीटरला साधारण एक सेंटीमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून आम्हा लोकांची पट्टीच मुळात ताणलेली असते. तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर मोठा. दिसायला दोन्ही सारख्या. टोकाला बारीक अक्षरं असतात तेवढीच, आणि मी ओळखायला सूनबाईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला. आपल्या विमानाला काय कुठं ओतायचं नव्हतं, म्हणून साधी पट्टी वापरायची. तू म्हणालास, "ह्या दोन्ही एका पेटीत ठेवू नको, मिस्त्री." मी म्हटलं, "चाळीस वर्षं ठेवतोय. झोपेत ओळखीन."

आता पंखांचं. खरं लिहायचं ते हेच आहे आणि मी आपला हुपरी आणि पैंजण सांगत बसलोय.

अंग, शेपूट, चाकं झाली, पंख राहिले. मिगचे पंख त्रिकोणी, आपल्या मापात फूटभराचे. मी म्हटलं, डावा मी करतो, उजवा तू कर. एकट्यानं. सात वर्षं माझ्या हाताखाली लाकूड तासल्यावर बघू तरी काय शिकलास. दोन दिवस तुझा चेहरा बघण्यासारखा होता. पंख तू घरी राजारामपुरीत नेलास, गॅलरीत बसून केलास. माझा मी शेडमध्ये केला. माझ्या डाव्या डोळ्यावर तेव्हा मोतीबिंदू आलेला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि मी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच.

तू पंख धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून आणलास. दोन्ही पंख अंगाला लावले. मुळाशी सगळं नीट बसलं, कारण तिथली खाच आपण पंख ठेवूनच मारतो. पण टोकाला बघितलं तर फरक. डावा मोठा, उजवा लहान. तीन मिलिमीटर.

"तुझा आखूड झालाय," मी म्हटलं.

"ड्रॉइंगवर तीनदा मोजलाय मी," तू म्हणालास. "तुझा एकदा मोजूया की."

"माझा मोजायचा?"

"मोजायला काय जातंय? चेक करणं म्हणजे संशय न्हवं, मिस्त्री."

किती साधं बोललास तू. आणि माझं डोकं फिरलं. त्या क्षणी मला भीती वाटली होती, सार्जंट. आज कबूल करतो. आत कुठंतरी मला कळलं होतं की हल्ली एका रेघेच्या दोन दिसतात. ती भीती झाकायला मी आवाज चढवला. पोराचं मशीन शेजारी घरघरत होतं, त्याच्यावर आवाज काढून मी ओरडलो, "तुम्ही विमानं पुसणारी माणसं! तुम्हास्नी लाकडातलं काय कळतंय?"

तू म्हणजे एकटा तू. मग मी 'तुम्ही' कुणाला म्हणालो? दीड महिना मी हेच स्वतःला विचारतोय. रागानं आदर परत करायचा म्हणून मागं अहो-जाहोवर गेलो, असं मी आधी स्वतःला सांगितलं. भांडणात आपल्याकडं करतात तसं. पण 'माणसं' म्हणालो ना मी? एका माणसाला माणसं कोण म्हणतं? पारावरच्या त्या माणसानं तुला जे विचारलं होतं ते मला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तूच माझ्या बाकावर बसून सांगितलं होतंस. तेच मी तुझ्या तोंडावर फेकलं. तुमची माणसं असं मला म्हणायचं होतं का, हे माझं मला ठाऊक न्हाय. न्हवतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाय, एवढं मात्र खरं. लाज वाटते लिहायला. पण रकाना मोकळा सोडायचा नाही, हे तूच शिकवलंस.

तू चिडला नाहीस. बाकावरची माझी पट्टी उचललीस, उजेडाकडं तिरपी धरलीस, तिचं टोक बघितलंस, आणि परत बाकाच्या कडेला सरळ ठेवून दिलीस. मला वाटलं, उगाच काहीतरी हाताला चाळा. मग म्हणालास, "बरं मिस्त्री. तुम्ही म्हणताय तर तसं."

तुम्ही. दाखवून दिलंस की मलाही मागं जाता येतं.

पंख टॉवेलात गुंडाळलास, विमान खोक्यात घातलंस, माझा डावा पंखही मागून घेतलास आणि रिक्षा बोलावलीस. त्या दिवशी तू हत्यारं मोजली नाहीस. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय केलं? चहा मागवला. पोराला सांगितलं, "सार्जंटला त्याची चूक कळली."

तीन आठवडे आपण बोललो नाही. मी दोनदा राजारामपुरीत आलतो. एकदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत. गॅलरीत तू पाठमोरा बसलेला दिसलास, खाली मान घालून काहीतरी तासत होतास. मला वाटलं, करतोय आपला पंख दुरुस्त, करू दे, सुधारू दे, मग येईल. मी हाक मारली असती तर तू वर बघितलं असतंस. मी मारली नाही. परत फिरलो आणि औषधाच्या दुकानातनं उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. चहाचा कप हातात होता म्हणाल्या, एकदम मान टाकली. मी पोचलो तेव्हा तुला खाली घेतलं होतं. त्रिसरण म्हणत होते सगळे. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून कोपऱ्यात उभा राहिलो. कुणीतरी मला पुढं बोलावलं, पाया पडा म्हणाले. मी तुझे पाय धरले आणि तेव्हापण माझ्या तोंडातनं चूक झाली एवढं साधं वाक्य निघालं नाही. कारण तोवर मला चूक तुझीच वाटत होती, लेका! शब्दाबद्दल मी रडत होतो, पंखाबद्दल नाही.

पुण्यानुमोदन झालं, माणसं गेली, आणि वहिनींनी ते खोकं माझ्यापुढं ठेवलं. "भावजी, हे तुमच्याकडंच न्या. आता कुणाला जमतंय हे?" मग म्हणाल्या, "पण ह्यात एक पंख जास्त हाय बघा. ह्यांनी नवीन केला आणि जुना टाकू दिला न्हाई. पेपरात गुंडाळून ठेवा म्हणालं."

शेडमध्ये येऊन खोकं उघडलं. आत तीन पंख. माझा डावा. तुझा नवा उजवा, अगदी माझ्या डाव्याएवढा, आरशात बघावा तसा. आणि पेपरात गुंडाळलेला तुझा पहिला उजवा. माझा डावा आणि तुझा नवा उजवा एकमेकांशेजारी ठेवले आणि देवाशप्पथ सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. बघा, म्हटलं, चूक सुधारली त्यानं.

मग सवयीनं पट्टी घेतली. पोराच्या टेबलावरची, त्याच्या मशीनची. तुझं ड्रॉइंग पसरलं. माझा डावा पंख मोजला तर तीन मिलिमीटर जास्त. परत मोजला. तुझा नवा उजवा, तीन मिलिमीटर जास्त. मग पेपरातला तिसरा पंख काढला. तुझा पहिला, टॉवेलातनं आणलेला, मी आखूड म्हटलेला. ड्रॉइंगप्रमाणे. मुळाशी बरोबर, टोकाला बरोबर, जाडीला बरोबर. केसाचा फरक नाही त्यात, सार्जंट. मी कुणाचंही काम असं बघितलेलं नाही.

मी माझी पेटी उघडली. वरची पट्टी काढली, पोराला बोलावलं, म्हटलं, ह्याच्या टोकाला काय लिहिलंय वाच. त्यानं वाचलं. लाल ठिपका कधीच घासून गेला होता. बीड आकसतं म्हणून ताणलेली ती पट्टी. तिनं माझा पंख मोजला तर तंतोतंत.

म्हणजे तू त्या दिवशी उजेडाला धरलीस ती हीच. टोक बघितलंस, कळलं, आणि ठेवून दिलीस.

का सांगितलं न्हाईस रे? तिथंच माझ्या थोबाडीत का मारली न्हाईस? पोरासमोर, गल्लीसमोर सांगायचं होतंस की, म्हाताऱ्याला दिसत न्हाय आता. मी असतो तर सांगितलं असतं आणि वर आठ दिवस सांगत फिरलो असतो. तुला मी विमानं पुसणारा म्हणालो होतो, आणि तू माझी चाळीस वर्षं झाकायला निघालास. चुकीच्या मापाचा पंख केलास, मुद्दाम, माझ्या चुकीला जोडीदार म्हणून. तू! ड्रॉइंगच्या बाहेर स्क्रू न लावणारा माणूस! मला तुझा राग येतो. असा माणूस गेल्यावर ज्यांना मागं राहायचं त्यांनी काय करायचं, हे तुझ्या कुठल्याच रकान्यात नाही.

खोक्याच्या तळाला वही होती. शेवटची नोंद तुझ्या सरळ अक्षरात.

"स्नॅग: दोन पंखांत तीन मिमी फरक. दुरुस्ती: उजवा पंख डाव्याप्रमाणे नवीन केला. केलं कुणी: सार्जंट."

कारणाचा रकाना मोकळा. तपासलं कुणी, तो पण मोकळा. तिथं माझी सही पाहिजे होती. म्हणजे तू येणार होतास, सार्जंट. विमान घेऊन शेडमध्ये येणार होतास, वही पुढं करणार होतास, आणि मी ऐटीत सही ठोकली असती. मला आयुष्यभर कळलं नसतं, आणि तू खूश झाला असतास. बहुतेक एखादा आठवडा 'तुम्ही' म्हणून छळलं असतंस, आणि मग परत 'तू'वर आला असतास.

मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली आणि शेडमधला भुस्सा एवढा पिवळा असतो हे बऱ्याच वर्षांनी बघितलं. ताणलेली पट्टी पोराच्या कपाटात टाकली. एका पेटीत दोन ठेवणार नाही आता. आणि तुझा पहिला पंख समोर ठेवून नवा डावा पंख करायला घेतला. तुझ्या पंखावरनं मापं घेतली, म्हणजे या वेळी मिस्त्री तू होतास. बारा दिवस लागले. तुझ्यासारख्या रिव्हेटांच्या ओळी मला जमेनात, दोन पत्रे वाया घालवले. तुझ्या चाकीवर तुझ्या अंगठ्याच्या घट्ट्याची जागा पडलीय, तिथं माझा अंगठा बसत नाही.

काल दोन्ही पंख बसवले. तुझा पहिला आणि माझा दुसरा. टोकं सारखी आली. सगळी पॅनेलं उघडून बघितली, मिटून बघितली. मग बाकावरची हत्यारं मोजली. सगळी होती.

पुढच्या रविवारी मी आणि वहिनी विमान घेऊन चंदगडला निघालोय. समाजमंदिरात काचेचं कपाट तयार आहे म्हणतात. तिथं मला परत दोन शब्द बोलायला लावतील, आणि या वेळी मी खाली बसणार नाही. पायलट न्हवता, म्हणून सांगणार. झाडू तर न्हवताच मारत. हे पोट बघा, हे पॅनेल उघडा, इथं ह्याचे हात होते, हे हात चुकले असते तर वरचा पायलट खाली आला नसता. आणि मी काय बोललो होतो तेपण सांगणार. पारावरच्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण माझं मला ठाऊक आहे.

मोठे झालेले दोन पंख मी चंदगडला नेणार नाही. माझा डावा जळणात गेला. तू मुद्दाम चुकवलेला उजवा माझ्याकडं राहणार, बाकाच्या वर, खिळ्याला.

वही भरायला घेतली. तुझ्या नोंदीसमोर कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मिस्त्रीनं चुकीची पट्टी घेतली. मोजूया म्हटल्यावर तोंड सोडलं." तपासलं कुणी, तिथं लिहिलं, "मिस्त्री. नापास. पहिला पंख बरोबर होता." आणि सही केली. खाली नवी ओळ घातली. "स्नॅग: डावा पंख तीन मिमी मोठा. कारण: वर लिहिलंय. दुरुस्ती: डावा पंख सार्जंटच्या पहिल्या उजव्याप्रमाणे नवीन केला. केलं कुणी: मिस्त्री."

शेवटचा रकाना राहिलाय. पोरगा म्हणाला, "बाबा, द्या इकडं, मी करतो सही." मी त्याच्यावर एवढा ओरडलो की तीन शेड पलीकडनं माणसं बघायला आली.

तिथं तुझी सही पाहिजे, सार्जंट. काम मी केलंय, माझी चालत न्हाय.